आधी मळ्याची उंची बघ

कॉफी घेताना नुसतं 'अरेबिका' ही जात वाचून पाकीट उचलू नकोस, मळा किती उंचावर आहे ते बघ. कर्नाटकातल्या बाबा बुडनगिरीच्या डोंगरांकडे १००० मीटरच्या वर रात्री गारवा असतो. तिथं फळ सावकाश पिकतं, बी घट्ट भरतं, साखर नि आम्लं चांगली साठतात. तो आंबटगोडपणा पहिल्याच घोटात कळतो. रोबस्टा ही कॉफीची दुसरी जात, खालच्या उष्ण पट्ट्यातली. कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, चव कडवट. पण फिल्टर कॉफीत थोडी हवीच, हे माझं ठाम मत.

आंबट सोसत नसेल तर मॉन्सून्ड मलबार घे. किनाऱ्यावरच्या गोदामांत कच्च्या बिया पावसाळी दमट वाऱ्यावर कित्येक आठवडे पसरून ठेवतात. त्या फुगतात, फिकट पिवळ्या पडतात, आम्लता उतरते. उंचावरची अरेबिका आणि ही मलबार, दोन्ही १००-१०० ग्रॅम आण आणि सारख्याच पाण्यात वेगवेगळी करून शेजारी शेजारी ठेवून पी.