प्रश्नावली छापण्याआधी रंकाळ्यावर बस

तुझा विषय चांगला आहे गं, पण प्रश्नावली लगेच छापायला टाकू नकोस. आधी दोन-तीन संध्याकाळी रंकाळा तलावावर जाऊन नुसती बस. मोबाईलमुळे गप्पा तुटतात का, हेच तुला विचारायचंय ना? मग आधी ते बघ. वहीत 'मुलाचं लक्ष नव्हतं' असं लिहू नकोस. 'पाच मिनिटांत चार वेळा स्क्रीनकडे पाहिलं' असं लिही. पहिलं तुझं मत झालं, दुसरं निरीक्षण. मैत्रिणीलाही त्याच वेळी, त्याच लोकांची स्वतंत्र नोंद करू दे. दोघींच्या नोंदी किती जुळल्या हे कोहेनच्या कप्पा गुणांकाने तपास; योगायोगाने जुळेल तेवढं वगळून खरी जुळणी किती, हे तो आकडा सांगतो. नुसती टक्केवारी फसवते, कारण योगायोगानेही बरंच जुळतं.

प्रश्नांबद्दल माझा एकच हट्ट. एका वाक्यात दोन गोष्टी विचारू नकोस. 'आई-वडिलांशी मोकळेपणाने बोलता का?' आईशी भरभरून बोलणारा आणि वडिलांसमोर गप्प बसणारा मुलगा याला काय उत्तर देणार? माझ्या पहिल्या अभ्यासात असाच प्रश्न होता. त्याची सगळी उत्तरं बाजूला ठेवावी लागली. लोकांनी वेळ काढून लिहिलेलं वाया गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि फक्त वर्गातल्या ग्रुपवर फॉर्म टाकून त्याला 'कोल्हापूरकरांचं मत' म्हणू नकोस. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाकडे वीस लाखांहून जास्त उत्तरं आली होती, तरी निवडणुकीचा अंदाज साफ चुकला, कारण उत्तरं देणारे सगळ्या मतदारांसारखे नव्हते.

पहिला मसुदा आठ-दहा जणांकडून भरून घे, कुठे अडखळतात ते लिहून ठेव. मग ये, आपण बसून वाचू.