उभ्याच्या विरुद्ध काय?

प्रश्न : माझी मुलगी शिष्यवृत्तीची तयारी करते आहे. सरावाच्या पेपरात समसंबंधाचा प्रश्न होता, 'ताजे : शिळे :: उभा : ?' पर्याय होते ताठ, आडवा, सरळ, बसलेला. तिनं 'बसलेला' लिहिलं, उत्तरसूचीत 'आडवा' आहे. तिचं काय चुकलं, हे मला तिला सांगता येईना.
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तिचं काही चुकलेलं नाही, हे आज आधी तिला सांगा. माणूस उभा असेल तर त्याच्या विरुद्ध बसलेला, रेघ उभी असेल तर आडवी. नुसतं 'उभा' देऊन दोन्ही पर्याय ठेवले, ही पेपर काढणाऱ्याची चूक.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात हातमागावर बसायचे. 'उभा' हा शब्द मला तिथंच कळला. उभे धागे ताणून लावलेले असत. पायानं दाबलं की ते वर-खाली फाकायचे आणि मधल्या फटीतून धोटा आडवा धागा घेऊन सटकन पलीकडे जायचा. त्या घरातल्या पोराला 'आडवा'च सुचणार. तुमच्या लेकीला वर्गातलं 'उभे राहा, खाली बसा' आठवलं.

म्हणून माझ्या वर्गात मी शब्द एकटा कधी विचारला नाही. 'कडक' घ्या. कडक भाकरीच्या विरुद्ध मऊ भाकरी, पण मऊ ऊन कुणी म्हणतं का? ते कोवळं. कडक चहाच्या विरुद्ध पाणचट, कडक शिस्तीच्या विरुद्ध ढिली. जेवताना तिला असे शब्द विचारत जा, फार लवकर येतं.

मग पहिल्या जोडीचं नातं तोंडानं वाक्यात म्हणायला लावा. 'जिवंत : मृत' यांच्या मध्ये काही नाही. 'थंड : गरम' यांच्या मध्ये कोमट आहे. 'खरेदी : विक्री' म्हणजे एकच व्यवहार दोन बाजूंनी पाहिलेला. त्यामुळे पुढे 'उसने देणे' आलं तर उत्तर 'उसने घेणे', 'परत मागणे' नव्हे.

'अ' दिसला की उलटा अर्थ, ही सवय मात्र मोडाच. 'यश : अपयश :: मूल्य : ?' याला मी चौथीत 'अमूल्य' लिहिलं होतं. अमूल्य म्हणजे ज्याचं मोलच करता येत नाही असं, कवडीमोलाचं नव्हे. आमच्या घरी तेलुगू बोलत, विचारायला मराठी जाणणारं कुणी नव्हतं. तुमच्या लेकीला तुम्ही आहात.

खऱ्या परीक्षेत असा दुहेरी प्रश्न आला तर गप्प बसू नका. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद आधी अंतरिम उत्तरसूची जाहीर करते आणि तिच्यावर ऑनलाइन आक्षेप मागवते. मुदत थोडी असते. 'उभा माणूस, उभी रेघ' अशी दोन्ही वाक्यं लिहून तो आक्षेप जरूर नोंदवा.