एका मुलाला गोळी घातली म्हणून फ्रान्समध्ये लोकांनी आपलीच वस्ती का जाळली?

"पोलिसांनी थांबायला सांगितलं तर थांबायचं ना?" असं तुम्ही प्रश्नाखाली जोडलंय. आमच्या दाजींचं हे आवडतं वाक्य, म्हणून हात शिवशिवले. हे जिथे घडलं त्या पॅरिसजवळच्या नाँतेरमध्येच मी तेव्हा राहत होतो.

२७ जून २०२३ च्या सकाळी काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. पिवळी मर्सिडीज, चालवणारा नाहेल १७ वर्षांचा, म्हणजे तेव्हाच्या नियमाने लायसन्सचा प्रश्नच नाही. दोन पोलिसांनी अडवलं, गाडी पुढे सरकली, एकाने अगदी जवळून गोळी घातली आणि पोरगा गेला. पण लोक भडकले ते नंतरच्या बातमीने. आधी सांगण्यात आलं की पोराने गाडी पोलिसांच्या अंगावर घातली. मग व्हिडिओ फिरला, त्यात दोघेही ड्रायव्हरच्या बाजूला उभे. व्हिडिओ नसता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, असं आमच्या बिल्डिंगमध्ये जो तो म्हणत होता. का म्हणणार नाही? २०१७ च्या कायद्याने न थांबणाऱ्या गाडीवर गोळी चालवायची मोकळीक वाढवली, आणि २०२२ या एका वर्षात अशा गोळीबारात १३ जण गेले.

दोन दिवसांनी, गुरुवारी, दंगलींमुळे रात्री नऊनंतर बस आणि ट्राम बंद करणार होते. मला ऑफिसात उशीर झाला आणि ला देफाँस या ऑफिसांच्या भागातून चालत निघालो. घराजवळ डोळे चुरचुरायला लागले, अश्रुधूर. फटाक्यांचे 'मोर्टार' म्हणतात ते फुटत होते; रिकाम्या जाड पुठ्ठ्याच्या नळ्या फुटपाथभर. आमच्या दारात तळमजल्यावरचे अल्जेरियन म्हातारबुवा आणि चारपाच जण कचऱ्याचे चाकवाले डबे ढकलत आत घेत होते, कारण पोरं आधी तेच पेटवतात आणि मग शेजारची गाडी. मीही बॅग ठेवून ढकलायला लागलो. वरच्या मजल्यावरची बाई गॅलरीतून कोणाकोणाच्या आयांची नावं घेऊन पोरांना ओरडत होती, आणि दोन पोरं खरंच टोप्या खाली ओढून सटकली.

डबे आत गेल्यावर म्हातारबुवा बोलायला लागले. लहानपणी ते नाँतेरच्याच पत्र्याच्या झोपडपट्टीत होते. १७ ऑक्टोबर १९६१ ला अल्जेरियन लोकांवर लादलेल्या संचारबंदीविरुद्ध मोर्चा निघाला, त्यात त्यांचे वडील होते. पोलिसांनी कित्येकांना मारलं, काहींना सेन नदीत फेकलं, आणि सरकार वर्षानुवर्षं दोनतीन मेले म्हणत राहिलं. मग २००५ ला पॅरिसजवळच्याच क्लिशी-सू-बुआमध्ये पोलिसांना घाबरून विजेच्या सबस्टेशनात लपलेली दोन पोरं शॉक लागून गेली. त्या पोलिसांची दहा वर्षांनी निर्दोष सुटका. आता सांगा, 'चौकशी होऊ द्या' हे तिथे कोण ऐकणार?

आपलीच वस्ती का, तर हाताशी तीच असते. बस, शाळा, नगरपालिका एवढंच सरकार तिथे दिसतं.

हां, दुकानं लुटणाऱ्यांची वकिली मी करत नाही. पॅरिसजवळच्या लाई-ले-रोजच्या महापौरांच्या घरावर गाडी घालून आग लावली तेव्हा आत त्यांची बायको आणि लहान मुलं होती. त्याला निषेध म्हणत नाहीत. खुद्द नाहेलच्या आजीनेही टीव्हीवर विनवलं होतं की शाळा आणि बस फोडू नका. पण गोळी घालणाऱ्या पोलिसाच्या कुटुंबासाठी लोकांनी १६ लाख युरोंवर वर्गणी जमवली, हेही त्याच आठवड्यातलं.

आणि दाजी, तुम्ही हे वाचणार हे माहीत आहे. कोथरूडच्या चौकात मामा दिसला की पीयूसी नाही म्हणून तुम्ही गाडी गल्लीत वळवता, मी मागे बसलेलो असतो. दंड पाचशे करा, हजार करा, गाडी उचलून न्या, पण गोळी नको. मी एवढंच म्हणत होतो त्या दिवशी, तर तुम्ही फोन ताईकडे दिलात.