जुन्या गाडीचा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला असं मेकॅनिक म्हणतो. नवा टाकावा, जुन्या बाजारातला टाकावा की गाडीच विकून टाकावी?

तुम्ही लिहिलंय की 2003 ची पेट्रोल गाडी गरम झाली की बंद पडते, थंड झाली की चालू होते आणि मेकॅनिक म्हणतो ईसीएम गेला. त्याने हे कशावरून ठरवलं ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. नेमक्या याच लक्षणावर माझे साडेनऊ हजार गेले. पैशाचं सोडा, माझ्या आईचं सख्ख्या भाचीचं लग्न चुकलं. म्हणून लिहायला बसलो.

आमची गाडी म्हणजे आप्पांची 2001 ची सॅन्ट्रो. आप्पा भुसावळला रेल्वेत होते. रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी ही गाडी घेतली. 2016 मध्ये तिला पंधरा वर्षं झाली तेव्हा आप्पा राहिले नव्हते. मोठा भाऊ म्हणाला, भंगारात देऊन टाकू. मी पर्यावरण कर भरला, पासिंग केलं आणि पाच वर्षं वाढवून आणली. तेव्हापासून आम्हा दोघा भावांत या गाडीवरून जे सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही.

2017 च्या मे महिन्यात चोपड्याला मामेबहिणीचं लग्न होतं. दुपारी साडेबाराचा मुहूर्त. आई, मी आणि दादा भुसावळहून निघालो. तापीचा पूल ओलांडला, यावल गेलं, साकळी गेलं. किनगावच्या अलीकडे चालत्या गाडीतलं इंजिन बटण दाबावं तसं बंद झालं. झटका नाही, आवाज नाही. सेल्फ जोरात फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हतं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि मधोमध तापलेला डांबरी रस्ता. आईला कडुनिंबाखाली बसवलं. पाऊण तासाने गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली आणि अडावदच्या पुढे पुन्हा तेच. आम्ही पोहोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या. आई कोणाशी काही बोलली नाही. नवरीच्या हातात आहेर दिला आणि पाणी मागितलं.

दादाचा जळगावात ओळखीचा गॅरेजवाला होता. दुसऱ्या दिवशी गाडी तिथे नेली. त्याने बोनेट उघडलं, दोन वायरी हलवून पाहिल्या आणि म्हणाला, कॉम्प्युटर गेला. मी विचारलं, दोष वाचणारा स्कॅनर लावून पाहिला का? दादा मलाच म्हणाला, तो वीस वर्षांपासून हेच काम करतोय, तू त्याला शिकवू नको. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून डबा, म्हणजे ईसीएमच, मागवला आणि बसवला. ट्रायल घेतली संध्याकाळी सातला, ऊन उतरल्यावर. गाडी अर्थातच चालली. चौथ्या दिवशी दुपारी दोन वाजता ती वरणगावच्या रस्त्यावर तशीच उभी राहिली. गॅरेजवाल्याचं उत्तर एकच होतं : इलेक्ट्रिक पार्टला गॅरंटी नसते.

मग मी ती भुसावळच्या एका म्हाताऱ्या वायरमनकाकांकडे नेली. मूळचे पारोळ्याकडचे, बोलणं पक्कं अहिराणी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डबाले काहीच व्हयेल नही भो. पहिले ती बंद तर पडू दे." भर दुपारी बोनेट लावून गाडी जागेवर चालू ठेवली आणि स्टूल टाकून बाजूला बसले. अर्ध्या तासाने इंजिन बंद पडलं तेव्हा ते उठले. किल्ली टाकली, चेक इंजिनचा लाइट लागला. पेट्रोल पंपाचा दोन सेकंदांचा गुरगुराट ऐकू आला. म्हणजे डब्याला करंट आहे, अर्थिंग आहे, रिले (पंपाला करंट देणारा स्विच) ओढतोय. सेल्फ मारताना प्लगला ठिणगी नाही आणि पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या जोडावर लावलेला टेस्टचा दिवाही लुकलुकत नाही. दोन्ही एकदम गायब. मग त्यांनी माठातलं पाणी घेऊन फडकं भिजवलं, पिळलं, खाली हात घालून क्रँक सेन्सरवर दाबून धरलं. फडक्यातून वाफ आली. मिनिटभराने मला म्हणाले, मार सेल्फ. दुसऱ्या फेरीला इंजिनने पकडलं.

त्याचं कारण अगदी साधं आहे. इंजिन फिरतंय आणि या क्षणी कुठवर फिरलंय हे डब्याला क्रँक सेन्सरच सांगतो. ती खबर थांबली की डबा ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही देत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या सेन्सरमध्ये केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं असतं. वर्षानुवर्षं तापून ती तार कुठेतरी तुटते. थंड असताना टोकाला टोक टेकलेलं असतं, तापल्यावर सुटतं. वरून पाहणाऱ्याला वाटतं कॉम्प्युटर तापला. आमच्याकडे मेमध्ये पारा 45 च्या आसपास असतो, त्यामुळे हा दोष उन्हाळ्यात लवकर उघडा पडतो. काढलेला सेन्सर मी हातात घेऊन पाहिला. टोकाला लोखंडाचा काळा चुरा चिकटलेला, अंगावर नखाच्या रेघेएवढी भेग. नवा सेन्सर बाराशेला आला.

मग मी जळगावला जाऊन आमचा मूळ डबा परत मागितला. गॅरेजवाला म्हणाला, एक्सचेंजमध्ये गेला. बिलावर एक्सचेंज लिहिलेलं नव्हतं. मी दोन तास तिथून हललो नाही. दादा फोनवर म्हणत होता, सोड, माझी ओळख खराब करू नको. डबा घेऊनच निघालो. तो परत बसवला, गाडी तेव्हापासून त्याच्यावरच चालते आहे आणि 2021 ला पुन्हा पासिंगही झालं. कुर्ल्याचा डबा कपाटात पडून आहे. दादा अजूनही चारचौघांत सांगतो की आप्पांच्या भंगार गाडीवर मी पैसे जाळले. पैसे गाडीने खाल्ले नाहीत. न तपासता डबा बदलायला जो म्हणाला आणि जो त्याला हो म्हणाला, त्या दोघांनी घालवले.

आता तुमचं. ईसीएम जातच नाही असं मी म्हणत नाही. जंप देताना प्लस-मायनस उलटं लागलं, बॅटरी न काढता वेल्डिंग केलं, आत पाणी गेलं, प्लगला ठिणगीचा करंट देणारी इग्निशन कॉइल शॉर्ट झाली, तर तो जातो. किल्ली टाकल्यावर चेक लाइट अजिबात लागत नसेल, फ्यूज, मेन रिले, अर्थिंग सगळं ठीक असेल आणि स्कॅनरही बोलत नसेल, तर संशय डब्यावर घ्या. सेन्सरना जाणारा 5 व्होल्टचा सप्लाय गायब असेल तर आधी एकेका सेन्सरचा जोड काढून पाहा. एखादा शॉर्ट सेन्सरच सगळ्यांचा सप्लाय खाली ओढतो.

खरोखर गेलाच असेल तर आधी बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. फुगलेले कपॅसिटर, जळालेला कॉइलचा ट्रान्झिस्टर, हे बदलता येतं. जुन्या बाजारातला घेणार असाल तर स्टिकरवरचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे डबे वेगळे असू शकतात. जुना का जळाला ते सापडल्याशिवाय दुसरा लावू नका, तोही जळेल. आणि तुमचा डबा गॅरेजवर सोडू नका. गाडीला इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर आतला किल्लीचा डेटा बऱ्याचदा त्यातूनच उतरवून घ्यावा लागतो. तो हातचा गेला तर दुसरा डबा तुमची किल्ली ओळखेलच असं नाही. माझ्या गाडीला इमोबिलायझर नाही, म्हणून अदलाबदल सोपी गेली.

गाडी विकावी का, ते मी सांगणार नाही. पत्रा सडला असेल आणि पासिंगची तारीख जवळ असेल तर हिशेब वेगळा होतो. माझ्या दोन्ही गोष्टी ठीक होत्या. आणि गरम झाल्यावरच बंद पडणं हे दर वेळी क्रँक सेन्सरमुळेच होतं असंही नाही. इग्निशन कॉइल आणि पेट्रोल पंपही तापल्यावर असेच दगा देतात.

पुढच्या वेळी बंद पडली की लगेच किल्ली टाकून पाहा. चेक लाइट लागतो का, पंपाचा आवाज येतो का, प्लगला ठिणगी आहे का. एवढं इथे लिहा, मग पुढचं सांगतो. तोवर गॅरेजवाल्याला अॅडव्हान्स देऊ नका.