इंजिन बांधलं, तरी ब्रीदरमधून ऑइल येतंय

प्रश्न : जुन्या डिझेल जीपचं इंजिन बांधून घेतलं, बोअर करून नवीन पिस्टन-रिंगा टाकल्या, तरी ब्रीदरच्या (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून धूर आणि ऑइल येतंय, एअर फिल्टरपण भिजतो. मेकॅनिक म्हणतो रिंगा बसल्या (सिलिंडरला घासून नीट जुळल्या) की थांबेल. थांबेल का?

उत्तर : थांबू शकतं, पण नुसतं म्हणण्यावर सोडू नका. आधी ऑइल लेव्हल बघा, जास्त भरलं असेल तरी असंच होतं, आणि ब्रीदरचा पाइप, जाळी चोंदलीय का तेही बघा. टर्बो असेल तर त्याचं सीलही तपासा.

मग लीक-डाउन टेस्ट करून घ्याच. पिस्टन वर आणून, दोन्ही वॉल्व्ह बंद असताना सिलिंडरमध्ये हवा सोडतात आणि ती कुठून निघते ते ऐकतात. ऑइल भरायच्या तोंडातून सुसाट आली तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. एकाच सिलिंडरमध्ये गळती असेल तर तिथली रिंग तुटलीय किंवा उलटी बसलीय असा माझा पहिला संशय.

सगळ्या सिलिंडरमध्ये सारखीच गळती असेल तर होनिंग (बोअरवर बारीक तिरप्या रेघा पाडणं) नीट झालंय का विचारा. आणि कृपा करून नवीन इंजिन तासन्‌तास आयडलवर ठेवू नका हो, त्याने बोअर गुळगुळीत चकचकीत होतो आणि रिंगा बसतच नाहीत, त्यापेक्षा गरम झाल्यावर मध्यम लोडवर, कमी-जास्त वेगाने चालवा. तरीही ऑइल कमी होत राहिलं तर इंजिन खोलावंच लागेल.