बीटलच्या इंजिनाचे पत्रे : काढायचे नाहीत, वाचवायचे

प्रश्न : आमची १९६७ची फोक्सवॅगन बीटल मालवणला असते. खाऱ्या हवेने इंजिनावरचे पत्रे गंजलेत, सिलिंडरवरच्या एका पत्र्याला भोकं पडलीत. गॅरेजवाले म्हणतात, ‘हवेने थंड होणारं इंजिन आहे, पत्रे नसले तरी चालेल.’ काय करावं?
— एक वाचक, मालवण

उत्तर : पत्रे काढू नका. पंख्याची हवा सिलिंडर-हेडच्या फिन्समधून (थंड होण्यासाठीच्या पातळ पट्ट्यांमधून) दाबून नेतात ते हेच पत्रे. ते नसले तर हवा सोप्या वाटेने निघून जाते. सिलिंडरखालचे, पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांच्या वर बसणारे दोन छोटे पत्रे तर अनेक इंजिनांत हरवलेलेच असतात. मग सिलिंडरची खालची बाजू तापते आणि आंबोलीसारख्या घाटात ते लगेच जाणवतं. भोकांतून, इंजिनखोलीच्या फाटक्या रबरपट्टीतून खालची गरम हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो.

इंजिन उतरवून पत्रे सुटे करा. स्क्रू जागेनुसार वेगळ्या पिशव्यांत ठेवा. पत्रे रॉकेलने, मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवा. जुना रंग रिमूव्हरने काढा, कारण गंज काढायला पुढे वापरायची काकवी रंगाखालच्या गंजापर्यंत पोचत नाही. मग एक भाग काकवीला नऊ भाग पाणी घेऊन प्लास्टिकच्या पिंपात पत्रे पूर्ण बुडवा. दहा-पंधरा दिवस लागतात, वासही येतो, पण चांगलं लोखंड शाबूत राहतं. ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग त्यात टाकू नका. सँडब्लास्टिंगने पातळ पत्रा वाकतो, शिवाय पंख्याच्या घराच्या दुमडींत वाळू अडकते. ती ओल धरते आणि हवेची वाट उघड-बंद करणाऱ्या झडपांच्या खिळी जाम करते.

किनाऱ्यावर काम फसतं ते बहुधा धुण्यात. गंजाच्या खड्ड्यांत मीठ उरलं तर कितीही भारी रंगाखाली पावसाळ्यात पोपडे धरतात. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी बऱ्याचदा मचूळ असतं, म्हणून शेवटचं धुणं साठवलेल्या पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याने, गरम करून, दोनदा करा. लगेच कडक उन्हात किंवा हीटगनने सुकवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. दमट हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी तांबूस झालेला दिसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस यासाठी उत्तम.

भोक असेल तिथे घट्ट पत्रा लागेपर्यंत कापा. २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिमीचा तुकडा लावून सीओटू वेल्डिंगचे टाके लांब लांब घाला. सलग वेल्डने पत्रा ओढला जातो. पुटी किंवा एम-सील भरू नका, उष्णतेने आणि हादऱ्याने ते सुटतं. रंगाआधी एकदा सगळं जोडून बघा. नंतर भोकं जुळली नाहीत तर रंग खरवडावा लागतो.

इपॉक्सी प्रायमरचा एक पातळ हात, वर काळ्या रंगाचे दोन पुरेत. हेडला लागून असलेल्या पत्र्यांना उष्णता सहन करणारा रंग, प्रायमर न मारता, थेट स्वच्छ लोखंडावर द्या. पावडर कोटिंग चालतं, पण स्क्रूची भोकं झाकून घ्या.

पंखा फक्त रॉकेलने आणि मऊ ब्रशने साफ करा. घासून तोल गेला तर पंखा ज्याच्या दांड्यावर बसतो त्या डायनॅमोचे बेअरिंग खराब होतात. बसवताना पंखा आणि त्याच्या कव्हरमध्ये सुमारे २ मिमी फट हवी, ती वॉशरने जुळवा. प्लगच्या वायरींची रबरी टोपणं आणि इंजिनखोलीची रबरपट्टी नवीच घ्या.

प्रश्न : कोकणात थंडी फारशी पडत नाही. मग थर्मोस्टॅट आणि झडपा काढल्या तर बिघडतं का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ठेवा. थर्मोस्टॅट साधारण ६५–७० अंश सेल्सिअसला झडपा उघडतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं आणि तेलातली ओल उडून जाते. पावसाळ्यात गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला याची जास्त गरज. थर्मोस्टॅट निकामी असेल तर नवा मिळेपर्यंत झडपा उघड्या राहतील अशी सोय करा. पण झडपा काढून टाकू नका, हवेला योग्य दिशा देण्याचं कामही त्याच करतात.