अडीचची बेळगाव गाडी

प्रिय पोरी,

पाच वर्षांत प्रशिक्षणांचे 100 गुण भरले नाहीत तर पुनर्वास परिषदेकडची मानसतज्ज्ञ म्हणून नोंदणी अडेल, मग वेबिनार करू की धारवाडला जाऊ, आणि धारवाडहून परतीची गाडी कितीला? काल फोनवर एवढंच चाललं होतं तुझं. गुण भरतात गं. माझेही दरवेळी भरले. दुखणं तेच आहे.

मी धारवाडला हजेरीच्या वहीत सही करायचो, जेवायचो आणि अडीचची बेळगाव गाडी धरायचो. अशाच एका दुपारी, मी निघाल्यावर, जीव द्यायचे विचार येतात का हे पेशंटला सरळ कसं विचारायचं, यावरचं सत्र झालं. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

त्याच महिन्यात चिकोडीकडची एक बाई आली. "भाळ बेजार आगेत्री," म्हणाली, म्हणजे फार बेजार झालंय. मी आपलं मराठी बेजार ऐकलं आणि कागदावर 'थकवा' लिहिलं. कानडीतल्या बेजारात मन खचणंही असतं. तिसऱ्या दिवशी तिने उसावर मारायचं औषध घेतलं. वाचली. माझ्याकडे मात्र परत आली नाही.

म्हणून सांगतो, शिकायला जाताना, तू जिथे अडलीस तो पेशंट सोबत ने. नाव-गाव गाळून, एका कागदावर. वेबिनार असो नाहीतर धारवाड, अडलेला पेशंट ने. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं 115 वं कलम स्लाइडवर येईल: आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, असं धरून चालायचं. तू मान डोलावशील. पण 'पोलीस केस होईल' म्हणून पोराला दवाखान्यात आणायला कचरणाऱ्या बापाला हे कानडीत दोन वाक्यांत कसं सांगशील? ते विचार तिथे. हसले तर हसू देत.

आणि 'सर, इथे सुपरव्हिजनला, माझं काम तपासायला, आहे कोण' हे पालुपद आता पुरे. ती तुझी कानडी मैत्रीण आहे ना? महिन्यातून एकदा तिच्यासमोर तुझ्या नोंदी वाच.

मी तरी काय करणार होतो म्हणा. आई अंथरुणावर, गाडी चुकली तर रात्री तिला भरवणारं कुणी नव्हतं. हे खरंच आहे. पण ती गेल्यावरही मी अडीचलाच निघत होतो.

खानापूरच्या ज्या मुलाचा विषय निघाल्यावर तू गप्प झालीस, त्याचा कागद पिशवीत टाक. परतीच्या गाडीचं मला विचारू नकोस.

तुझा,
सर